पुढचा पाय

जांबोटी, ता. खानापूर
१९ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

पत्र पोचलं. पेनसिल्व्हेनियात शिकारीचं लायसन्स काढलंस, मारलेल्या हरणाला लावायचा टॅग घेतलास, धनुष्यही घेतलंस, आणि विचारतोस काय, तर "नेम कुठं धरू?" अरे, ते तुला तिथला कुणीही सांगेल. हरीण आडवं उभं असलं की पुढच्या पायाच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. फुप्फुसं तिथंच. बाण कधी सोडायचा, ते मात्र माझ्याकडून ऐक. मी तिथं असताना एक जनावर वाया घालवलंय.

मादी होती, ३० वारांवर. बाजू आडवी, मधे फांदी नाही. पण मान वर आणि दोन्ही कान माझ्या झाडाकडं. तरी सोडला. गणित नंतर मांडलं: बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास, आवाज ११०० च्या वर. ९० फुटांवर दोरीचा आवाज पोचला तरी बाणाला अजून पाव सेकंद लागतो. हरीण उसळी मारण्याआधी खाली दबतं, आणि त्याला पाव सेकंद पुष्कळ झाला. बाण पाठीच्या कण्याजवळ वर लागला. थोडं रक्त, मग नुसता पाचोळा. दोन दिवस हिंडलो, सापडली नाही.

म्हणून २० वारांच्या आत येऊ दे, चरण्यात गुंतू दे. दोरी ओढायची ती त्याचं डोकं झाडाआड गेल्यावर. फार आधी ओढून बसलास तर हात थरथरणारच, ओढलेली दोरी धरायला हलकं जाणारं कंपाउंड धनुष्य असलं तरी. तोंड तुझ्याकडं असेल तर सोडूच नकोस, फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड आड येतं. किंचित पाठमोरं असेल तर उत्तम. नेम पलीकडच्या फऱ्याच्या रोखानं धर. मचाणावरून कमरेत वाक, नुसते हात खाली नेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात भात राखायला माळ्यावर होतो (गव्यांनी यंदा वात आणलाय). पहाटे बांधावर भेकर आलं. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, त्यात भीमगडचं अभयारण्य जवळ. हातात फक्त बॅटरी. भेकरानं एक पाऊल टाकलं, माझ्या बाजूचा पुढचा पाय पुढं सरकला, बरगड्यांवरचं कातडं ताणलं आणि फऱ्यामागची जागा उघडी पडली. दोनेक सेकंद. मग पाय मागं आला, जागा झाकली. बघतो तर माझं बोट बॅटरीच्या बटणावर आवळलेलं! त्या पायाची वाट बघ.

सोडल्यावर लगेच उतरू नकोस. बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर अर्धा तास थांब. गर्द लाल असेल तर यकृताला लागलाय, चार-पाच तास. हिरवट आणि वास मारत असेल तर पोटात. आठ-दहा तास तिकडं फिरकूच नकोस, नाहीतर ते उठून लांब जाऊन मरेल आणि तुला मिळायचं नाही.

मचाणावर पट्टा बांधून बस. काकूंना यातलं काही बोललो नाही, त्यांना वाटतंय तू तिथं धनुष्यबाणाच्या स्पर्धेला जातोस. दिवाळीला आलास तर माळ्यावर जागा आहे. बॅटरी तुझी तू आण.

तुझा,
सदू