पोकरचा हिशेब

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर मी ऑनलाइन पोकर खेळते म्हटलं आणि दोघंही गप्प झालात. मग बाबांनी विचारलं, "पैसे लावून?" मी हो म्हटलं, तशी आईने विषयच बदलला. आई विषय बदलते तेव्हा काळजी जास्त असते, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

बाबा, तुमचा प्रश्न आधी घेते. आजचा हिशेब तोट्यात आहे. तोटा फार नाही, पण तोटाच. सुरुवातीला मी चांगली वर होते, मग ते सगळं गेलं आणि पदरचं थोडं गेलं. पैसे त्यासाठी वेगळे काढून ठेवलेले होते. उधारी नाही, क्रेडिट कार्ड नाही. पण नुसत्या या आकड्यावरून मी कशी खेळते ते कळणार नाही, तसं ते मी वर होते तेव्हाही कळलं नसतं.

खेळ पत्त्यांचा आणि साधा आहे. प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक, ज्याला रिव्हर म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पानं टाकून द्यायची, म्हणजे फोल्ड. सातांतली उत्तम पाच धरायची आणि ज्याची पानं सरस, त्याचा डाव. बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेल्याचा डाव, मग त्याच्याकडे काहीही असो.

मी पहिल्यांदा जिंकले ते भित्रेपणामुळे. सगळ्यात खालच्या, म्हणजे कमी पैशांच्या टेबलवर लोकांना पानं टाकवत नाहीत. दुर्री-सत्ती हातात असली तरी "बघू तर" म्हणून पैसे घालतात. मला भीती वाटायची, म्हणून मी जोडी किंवा एक्का-राजासारखं काही येईपर्यंत नुसती बसून राहायचे. नवशिक्याला याहून चांगला सल्ला कोणी देत नाही, पण मला तो कोणी दिला नव्हता, आपोआप पाळला गेला! त्यात पानंही भराभर आली. खात्यातला आकडा चढत गेला आणि आपल्याला हे जमतं असं वाटू लागलं. नव्या माणसासाठी धोक्याचा काळ तोच, कारण तो तेव्हाच वरच्या टेबलवर जाऊन बसतो.

आता हरण्याचं सांगते. एका छोट्या टुर्नामेंटमध्ये माझ्या हाती दोन एक्के आले. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आणि सुरुवातीला तिच्यावर मात करणारी जोडी नाही. समोरच्याने सगळं लावलं, मीही लावलं. टुर्नामेंटमध्ये असं झालं की दोघांचीही पानं उघडी पडतात. त्याच्याकडे इस्पिकचा आणि किलवरचा राजा होता. असा सामना शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा एक्केवाला जिंकतो. मध्ये गुलाम, सत्ती, दुर्री आली, चौथी तिर्री. न दिसलेली पानं ४४ उरली, त्यांत मला मारणारे राजे फक्त दोन. रिव्हरवर बदामचा राजा आला आणि मी टुर्नामेंटमधून बाहेर!

पानं उघडी झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पुन्हा तीच पानं आली तर मी पुन्हा सगळं लावीन. आई, तुला हे हट्टासारखं वाटेल. पण ऐंशीच्या बाजूला उभं राहायचं तर उरलेल्या विसांत आपला नंबर कधीतरी लागणारच.

उलट, मला सगळ्यात आवडलेला डाव हिशेबात दिसतच नाही. राण्यांची जोडी होती, मध्ये एक्का आणि राजा दोन्ही पडले, आणि तोवर गप्प असलेल्याने मोठी रक्कम लावली. मी राण्या टाकून दिल्या. मी बरोबर होते का? कळणार नाही. पानं टाकली की समोरच्याला आपली दाखवावी लागत नाहीत. इथे वाचलेल्या पैशाची कुठेच नोंद होत नाही आणि जिंकलेल्या पैशाची मात्र आतषबाजी होते, चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, खळखळत आपल्याकडे येतात, तसा आवाजसुद्धा ठेवलाय!

बाबा, तुम्ही विचाराल की मग कमावतं कोण. साइट. पैशाच्या टेबलवर बहुतेक मोठ्या डावांतून ती थोडे टक्के कापून घेते, त्याला रेक म्हणतात. टुर्नामेंटच्या प्रवेश फीतही तिचा वाटा असतो. म्हणजे सगळे अगदी सारखे खेळणारे असले तरी सगळेच हळूहळू तोट्यात जाणार. इतरांपेक्षा नुसतं सरस असून भागत नाही, रेक भरून निघेल इतकं सरस असावं लागतं. मी अजून तशी नाही, आणि तशी आहे की नाही हे कळायलाही हजारो डाव लागतात, कारण थोड्या डावांत नशिबाचाच आवाज मोठा असतो.

शिवाय वेग. समोरासमोरच्या टेबलवर तासाला तीसेक डाव होतात, इथे एका टेबलवर त्याच्या दुप्पट सहज. लोक चार-चार टेबलं एकदम उघडतात. मी एकच उघडते. हरल्यावर डोकं फिरून वाटेल तसं खेळायला लागणं याला खेळणारे टिल्ट म्हणतात. स्क्रीनवर बसलेल्याला त्याच्या फिरलेल्या डोक्याची खबर द्यायला कोणी नसतं. म्हणून महिन्याला किती पैसे भरायचे याची मर्यादा मी साइटवरच घातली आहे. ती कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावं लागतं.

दादाने तुम्हाला त्या अमेरिकन अकाउंटंटची गोष्ट सांगितली असणार. ख्रिस मनीमेकर, २००३ सालचा. ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून जागा मिळवून तो पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. गोष्ट खरी आहे, आडनावही खरंच तेच आहे. पण त्या स्पर्धेत ८३९ जण होते. बाकीच्या ८३८ जणांचं पुढे काय झालं हे दादाला विचारा!

आईचा प्रश्न राहिला, समोर माणूसच असतो कशावरून? चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर तुला आवडणार नाही. सहा जणांच्या टेबलवर नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवणारा प्लुरिबस हा प्रोग्राम २०१९ सालीच तयार झाला. साइटवर असल्या प्रोग्रामना बंदी असते, पकडले तर खाती बंद करतात, पण न पकडलेले किती, ते कोण सांगणार. वरच्या टेबलवर न जाण्याचं माझं तेही एक कारण आहे.

फुकटच्या चिप्सचं टेबलही असतं. पुढच्या भेटीत बाबांना तिथे बसवते. मात्र आई, तू त्यांच्या शेजारी बसू नकोस, तुझ्या चेहऱ्यावरून त्यांची पानं मलाच कळतील.

तुमची,
लेक