ओढणी घेऊन चालून पाहा

महोदय,

फोंड्यात माझे शिवणाचे छोटे दुकान आहे. तुळशीचे लग्न झाले की नवऱ्या मुलींची रीघ लागते. लेहंग्यावर तासभर चर्चा, ओढणी मात्र ‘त्यावर येईल ती’! मागच्या मोसमात एकीची जाळीची ओढणी देवळाच्या पायऱ्यांवर तिच्याच बांगडीत अडकली आणि खांद्यापासून वीतभर फाटली. सेफ्टी पिन सरळ जाळीत टोचलेली, दुसरे काय होणार? पिनेखाली कापडाचा दुहेरी तुकडा घ्यावा. त्याहून बरे म्हणजे चुण्या आदल्या दिवशी घालून चार टाके मारून ठेवावेत.

अडीच मीटर ओढणी खांद्यावर पुरते. पण डोक्यावरून घेऊन पुढे सोडायची असेल तर उंच मुलीला आखूड पडते. जरदोजीची जड ओढणी डोक्यावर घेतली की अंबाडा, गजरा सगळेच मागे ओढले जाते. ती खांद्यावर ठेवून डोक्यावर वेगळी हलकी घ्यावी. (आपला शेला हेच काम किती शहाणपणाने करतो!) आमच्या दमट हवेत जॉर्जेट अंगाला चिकटते, हेही लक्षात असू द्या. होमाजवळ नायलॉनची जाळी लोंबती नको. ठिणगीने ती वितळते आणि कातडीला चिकटते.

आईच्या जुन्या पैठणीची ओढणी करून मागणाऱ्यांना एकच विनंती. आधी घड्या उजेडात धरून पाहा. रेशीम तिथेच विरलेले असते आणि बोल शिंपिणीला लागतो.

– एक शिवणकाम करणारी, फोंडा