पडवीतला कॉम्प्युटर आणि आगोट

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी दापोलीहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत आंबे, आमसुलं आणि कुळथाचं पीठ होतं, आणि डोळ्यांसमोरून एक चित्र हलत नव्हतं. बाबा, तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसून, चष्मा कपाळावर सारून, नाक जवळजवळ पडद्याला लावून वाडीचा हिशेब वाचत होतात. चार दिवसांत मी तीनदा म्हटलं, "नवीन कॉम्प्युटर घ्या ना आता." तुम्ही तीनदा म्हणालात, "चालतोय की." घाट चढून वर येईपर्यंत मला तुमचं म्हणणं पटलं. तो चालतोयच. तुमच्या डोळ्यांना आणि हातांना तो जुळवून द्यायचा राहिला होता आणि ते काम माझं होतं. फोनवर मी कितीदा "किती वेळा सांगू, बाबा!" म्हणाले, त्याचं फार वाईट वाटतंय. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून पाठवतेय. कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवा. एका दिवसात सगळं करायचं नाही. मिरगाला अजून पंधरा दिवस आहेत. घराची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, चाललीच आहे, त्यातच रोज संध्याकाळी थोडं थोडं करू.

आधी डोळ्यांचं. आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, त्याच्या डेस्कटॉपवर जिथे काहीच नाही अशा जागी उजवं क्लिक करा. यादीत 'स्क्रीन रिझोल्युशन' येईल, ते उघडलं की खाली 'मेक टेक्स्ट अँड अदर आयटम्स लार्जर ऑर स्मॉलर' अशी निळी ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक करून 'मीडियम' म्हणजे १२५ टक्के निवडा आणि 'अप्लाय' करा. तो एकदा लॉग ऑफ करायला सांगेल, करू द्या. परत आल्यावर सगळीच अक्षरं मोठी झालेली असतील. तेवढ्याने भागलं नाही, तर खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून ठेवून अधिकचं चिन्ह दाबा, भिंग येतं. तेच बटण आणि एस्केप दाबलं की भिंग जातं. इंटरनेटवरचं वाचताना कंट्रोल आणि अधिक दाबलं की त्या पानावरची अक्षरं वाढतात. कृषी विद्यापीठाच्या फवारणीच्या वेळापत्रकाची पीडीएफसुद्धा तशीच मोठी होते. प्रिंट काढायला बाजारात जायची गरज नाही.

आता हाताचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाबा, फाइल उघडायला दोनदा क्लिक करताना तुमचं बोट जरा थांबतं आणि मग फाइल उघडायच्याऐवजी तिचं नाव बदलायची चौकट येते. तुम्ही दर वेळी "माझंच काहीतरी चुकलं" म्हणता. चूक तुमची नाही. दोन क्लिकमध्ये किती वेळ चालेल ते त्या मशीनने ठरवलंय, आणि ते बदलता येतं. कंट्रोल पॅनलमध्ये 'माउस' उघडा. पहिल्याच पानावर 'डबल क्लिक स्पीड'ची पट्टी आहे, ती 'स्लो'कडे सरकवा. तिथेच 'पॉइंटर्स'मध्ये 'विंडोज ब्लॅक, एक्स्ट्रा लार्ज' निवडा. पांढऱ्या पानावर काळा, मोठा बाण लगेच दिसतो. 'पॉइंटर ऑप्शन्स'मध्ये अगदी खाली एक खूण करायची सोय आहे. ती केली की कंट्रोलचं बटण दाबून सोडल्यावर बाणाभोवती गोल उमटतो. बाण शोधत माउस गरागरा फिरवायला नको.

आणि खरं सांगू का, दोनदा क्लिक करायची गरजच काढून टाकता येते. कुठलंही फोल्डर उघडा, वर 'ऑर्गनाइझ' आहे, त्यात 'फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स'. तिथे 'सिंगल क्लिक टु ओपन'वर खूण करा. मग एका टिचकीत फाइल उघडेल. ही सोय कित्येक वर्षं तिथे होती आणि मी तुम्हाला दोनदा दाबायला शिकवत बसले होते.

आई, आता तुझं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून काढायच्यात असं तू गेल्या गणपतीपासून म्हणतेस. वहीतलं अक्षर तुझं तुलाच लागत नाही म्हणून राहून जातं. या विंडोज ७मध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, काहीही उतरवून घ्यावं लागत नाही. तो मी निघायच्या आदल्या रात्री चालू करून ठेवलाय. डावीकडचं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. बटणांवर इंग्रजी अक्षरं आहेत त्याने गोंधळू नकोस. यात सगळे स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला आहेत, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. आधी 'बाबा' लिही: वाय, ई, वाय, ई. झालं. मग शिफ्ट धरून ई आणि आर दाब, 'आई' येईल. 'काजू' म्हणजे के, ई, पी, टी. जोडाक्षराला पहिलं अक्षर, मग डी, मग दुसरं अक्षर. ळ हवा तर शिफ्ट धरून एन. पहिले चार दिवस हात अडेल, आठवड्यात बोटं आपोआप जातील. तू वयाच्या पन्नाशीत शिलाई मशीनवर झबली शिवायला शिकलीस, हे त्याहून सोपं आहे.

तू एका बोटाने टाइप करतेस, तेव्हा शिफ्ट धरून दुसरं बटण दाबताना तुझी ओढाताण होते. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की 'स्टिकी कीज' नावाची खिडकी येते. तुम्ही दोघंही ती आली की घाबरून बंद करता. या वेळी 'येस' म्हण. मग शिफ्ट दाबून सोडायचं आणि नंतर निवांत दुसरं बटण दाबायचं, एकदम दोन धरावी लागत नाहीत. ही सोय तुझ्यासारख्यांसाठीच केलेली आहे.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, त्यातलं बरंचसं मी करून आलेय. सुरू होताना आपोआप उघडणारे बिनकामाचे प्रोग्रॅम बंद केलेत. खिडक्यांची चमकधमकही काढलीय, फक्त अक्षरांच्या कडा गुळगुळीत ठेवायची खूण तशीच ठेवलीय, नाहीतर अक्षरं कातरल्यासारखी दिसतात. ती कुणी काढू नका. महिन्यातून एकदा 'स्टार्ट'मध्ये 'डिस्क क्लीनअप' टाइप करून सी ड्राइव्हची साफसफाई करा. आत फक्त २ जीबी मेमरी आहे, त्यामुळे एका वेळी दोन-तीनच खिडक्या उघड्या ठेवा. गणपतीला येताना मेमरी आणि एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क, घेऊन येईन. जुन्या मशीनला खरा हुरूप येतो तो एसएसडीनेच. ती बसवल्यावर मात्र 'डिफ्रॅगमेंट', म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची फेरजुळणी, करायची नाही.

आता जे मला मनापासून, अगदी हात जोडून सांगायचंय ते. विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबर २००९ला. १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने घरच्या कॉम्प्युटरसाठी त्याची डागडुजी थांबवली. म्हणजे त्यानंतर त्यात जी भोकं सापडली, ती तुमच्या मशीनवर बुजवली गेलेली नाहीत. कौल फुटलेलं घर राहायला चालतं, पण त्या कौलाखाली कुणी तांदळाचं पोतं ठेवत नाही. म्हणून बँकेचं काम या कॉम्प्युटरवर अजिबात नको. पासबुक घेऊन बँकेत जा, नाहीतर मी फोनवर करून देईन. आधार, पॅन, पेन्शनच्या कागदांचे फोटोही त्यात ठेवू नका. ब्राउझरचंही तेच आहे. क्रोम यावर २०२३च्या सुरुवातीला १०९व्या आवृत्तीवर थांबलं, फायरफॉक्सची ११५ ही शेवटची मालिका. काही साइट अर्धवट दिसतील, काही उघडणारच नाहीत. तेव्हाही तुमचं काही चुकलेलं नसतं.

बाबा, गेल्या वर्षी पडद्यावर लाल खिडकी आली, भोंगा वाजायला लागला, 'व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा' असं लिहून आलं आणि तुम्ही फोन केलात. पलीकडच्या माणसाने मशीन ताब्यात घेतलं. पैसे गेले त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत आणि मला सांगितलं नाहीत, हे मात्र अजून मनाला लागून राहिलंय. अशी खिडकी आली की आल्ट आणि एफ४ दाबा. गेली नाही तर सरळ पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. त्याने काही जळत नाही. कंपनीचा माणूस आपणहून कुणाच्या घरी फोन करत नाही. आणि पैसे गेल्याचं कळलं तर त्याच मिनिटाला १९३० लावा, हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. मग मला. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला.

यासाठीच मी तुमच्या नावाचं नवं साधं खातं उघडलंय, 'स्टँडर्ड यूजर'चं. रोज त्यातच काम करा. काही नवीन बसवायचं झालं की तो पासवर्ड मागेल. तो पासवर्ड माझ्याकडे आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, बाबा, तर कुणी फोनवर गोड बोलून तुमच्याकडून तो काढून घेऊ नये म्हणून.

फोटोंचं ऐका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्याआधीची आपली वाडी आता फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये उभी आहे. विहिरीकडची पोफळींची रांग, आजोबांनी लावलेला बिटकीचा आंबा, नारळाखाली उभा राहिलेला दादा. त्याच्या आतली डिस्क २०११ची आहे, कधी बंद पडेल सांगता येत नाही. एसटी पार्सलने दोन पेन ड्राइव्ह पाठवतेय. फोटोंच्या फोल्डरवर उजवं क्लिक, 'सेंड टू', मग पेन ड्राइव्हचं नाव. दोन्हींवर एकदा एकदा. काढताना घड्याळाजवळच्या खुणेतून 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. एक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट कपाटात राहू द्या, दुसरा दादाबरोबर माझ्याकडे पाठवा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, एवढं मात्र मिरगाआधी करा.

पावसाचं तुम्हाला मी काय शिकवणार. तरी गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करू नका, यूपीएसची पिन सॉकेटमधून काढा आणि इंटरनेटची वायरही काढा, वीज तिथूनही येते. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल धरते. आईचं जुनं सुती पातळ बरं. आणि दिवसेंदिवस बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालवलात की आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. आपला खारा वारा लोखंडाचा कोयता खातो, तिथे त्या बारीक तारांचं काय.

अडलं की फोनवर "तिथे एक काहीतरी आलंय" असं तुम्ही सांगता आणि मला दिसत नाही, मग दोघंही वैतागतो. त्यावर उपाय सापडलाय. 'स्टार्ट'मध्ये पीएसआर ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. एक बारीक पट्टी येईल. 'स्टार्ट रेकॉर्ड' दाबा, जे करताना अडतं ते करून दाखवा, मग 'स्टॉप रेकॉर्ड'. प्रत्येक क्लिकला पडद्याचा फोटो निघतो आणि सगळ्यांची मिळून एक फाइल होते. ती मला मेल करा. मी इथे बसून एकेक पायरी बघेन आणि मगच फोन करेन. आवाज चढवणार नाही.

आई, पहिली ओवी टाइप झाली की तीच मेलने पाठव. चुका दुरुस्त करू नकोस, आहे तशी पाठव.

तुमची लेक

ता. क. बाबा, तारीख अचानक कित्येक वर्षं मागे गेली आणि सगळ्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणायला लागल्या तर घाबरू नका. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळवाल्याकडेही मिळते. आणि कॅल्क्युलेटर उघडून कंट्रोल आणि ई दाबून बघा. दोन तारखांमधले दिवस मोजून देतो. मोहोर दिसला त्या दिवसापासून पहिल्या काढणीपर्यंतचे दिवस तुम्ही कॅलेंडरवर बोट ठेवून मोजता ना, ते यात टाका आणि यंदा किती आले ते मला कळवा.