1947 चा रुपया 30 सेंटचा होता, हे मराठीत छापाल का?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीत 15 ऑगस्टला झेंडावंदन होतं, मग भाषण आणि मग चहा-वडा. यंदाचे वक्ते म्हणाले, "1947 साली एका रुपयाला एक डॉलर मिळत होता, कारण देशावर दमडीचं कर्ज नव्हतं." टाळ्या पडल्या. माझी सारी नोकरी बँकेच्या परदेशी विनिमय खात्यात झाली, त्यामुळे जीभ आवरली नाही. वड्याच्या रांगेत त्यांना म्हटलं, तेव्हा डॉलर तीन रुपये पाच आण्यांना पडत होता. त्यांनी फोन पुढे केला. "हे बघा, इथे लिहिलंय. तुमचं कुठे लिहिलंय?"

मी हिशेब मांडून दाखवला. 1927 च्या चलन कायद्याने रुपया 1 शिलिंग 6 पेन्सला, म्हणजे 18 पेन्सला बांधला. पौंडाचे 240 पेन्स, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै, दशांशात 13.33 रुपये. पौंडाला 4.03 डॉलर. भागाकार केला की 3.31 येतात. कर्जाचा यात कुठे संबंधच येत नाही. उलट ब्रिटनच आपलं देणं लागत होता, युद्धकाळातले आपले पौंड त्यांच्याकडेच अडकून पडले होते! पण देणं कुणाचंही असो, रुपया पौंडाच्या दावणीला होता आणि पौंड जाईल तिकडे जात होता. वक्ते म्हणाले, "हे तुमचं गणित झालं. छापील काय आहे?"

छापील आहे, साहेब. डिसेंबर 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे रुपयाची नोंद झाली ती 30.225 अमेरिकी सेंट अशी, म्हणजे डॉलरला तेच 3.31 रुपये. त्या वेळी आपल्या खुर्चीवर चिंतामणराव देशमुख होते, महाड-रोह्याकडचे. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेलाही ते गेले होते. मराठी माणसाच्या कारकिर्दीत नोंदलेला हा आकडा मराठी माणसाला माहीत नसावा, याची मला जरा लाज वाटते.

पुढचं तर आणखी रंजक आहे. सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंड 2.80 डॉलरवर आणला, आपणही मागोमाग रुपया उतरवला आणि डॉलर 4.76 झाला. पाकिस्तानने मात्र त्यांचा रुपया उतरवला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच असलेलं चलन, आणि आता त्यांच्या 100 रुपयांना आपले 144! ताग तिकडे पिकायचा आणि गिरण्या इकडे, तो व्यापार अडला. फाळणीवर आपण इतकं बोलतो, पण चलनाच्या या फाळणीबद्दल सोसायटीच्या कट्ट्यावर मी एकदाही ऐकलेलं नाही.

मग 6 जून 1966. डॉलर 4.76 वरून 7.50. अवमूल्यन किती झालं यावर आजही वाद घालणारे भेटतात. एक म्हणतो 36.5 टक्के, दुसरा म्हणतो 57.5. दोघंही बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधली किंमत 36.5 टक्क्यांनी उतरली आणि डॉलरची रुपयातली किंमत 57.5 टक्क्यांनी चढली. आता फोनवर फिरणाऱ्या याद्या पाहा. त्यात 1966 समोर 6.36 लिहिलेलं असतं. 5 महिने 4.76 आणि 7 महिने 7.50 धरून सरासरी काढा, नेमके 6.36 येतात. त्या वर्षी सरकारी दर एकही दिवस 6.36 नव्हता, पण यादीत तोच अजरामर झाला आहे.

1991 मी स्वतः पाहिलं. सोमवारी, 1 जुलैला अवमूल्यनाचा पहिला टप्पा आणि बुधवारी दुसरा. दुसरा टप्पा थांबवावा म्हणून दिल्लीहून फोन आला, तोवर आपल्या बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. रंगराजन यांनी दर जाहीर करून टाकला होता. 21 च्या आसपासचा डॉलर आठवडा संपायच्या आत 26 च्या घरात. काउंटरवर निर्यातदार पेढे आणल्यासारखे हसत होते, आणि ज्यांना आयातीची बिलं अजून भरायची होती त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वर्षाची सरासरी काढा, यातलं काहीच दिसणार नाही.

आपल्या बँकेने स्वतःचा इतिहास जाडजूड खंडांत छापला आहे, त्यात हे सगळं येतं. अभ्यासकांची सोय झाली. माझी मागणी कट्ट्यावरच्या माणसासाठी आहे: रुपया आणि डॉलर यांच्या दराचं एक पान, मराठीत आणि देशाच्या इतर भाषांत, बँकेच्या नावानिशी. 1947 पासून प्रत्येक मोठा बदल तारखेसह द्यावा. दर त्या दिवसाचा की वर्षाच्या सरासरीचा, सरकारने ठरवलेला की (मार्च 1993 पासून) बाजारात ठरलेला, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहावं. प्रत्येक बदलाचं कारण दोन ओळींत पुरे. 1949 नंतर वीसेक वर्षं डॉलरला 360 येन पडत होते आणि त्याच काळात जपान वर आला, एवढं तळटीपेत घातलंत तर आकडा लहान म्हणजे देश मोठा ही समजूतही थोडी सैल होईल. भाषा मात्र परिपत्रकाची नको. 'अवमूल्यन' (सरकारने ठरवून किंमत उतरवणं) आणि 'घसरण' (बाजारात ती आपसूक उतरणं) यांतला फरक आमच्या खात्यात नव्याने आलेल्या पोरांनाही मला दर वर्षी समजावावा लागे.

पान तयार झालं की त्याची छापील प्रत मी सोसायटीच्या फलकावर लावीन. पुढच्या 15 ऑगस्टच्या आधी मिळाली तर बरं, वक्ते तेच आहेत.

कळावे,
आपला,
परदेशी विनिमय खात्यातला एक निवृत्त कर्मचारी, डोंबिवली