खोक्यावर १७०० सॉकेटचा शिक्का, आत जुन्या सॉकेटचे स्टँडऑफ

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: प्रोसेसर कूलरसोबत चुकीचे सुटे भाग आणि अपुरे माहितीपत्रक दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीच्या टॉवर कूलरच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या उभ्या कूलरच्या) खोक्यावर 'एलजीए १७००' असा, म्हणजे तो कोणत्या सॉकेटला (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेला) चालतो हे सांगणारा, ठळक शिक्का आहे. तो वाचूनच मी तपकीर गल्लीजवळच्या दुकानातून हा कूलर घेतला. आत निघालेले चार स्टँडऑफ (कूलर ठरावीक उंचीवर धरणारे छोटे खांब) मात्र ११५१ आणि १२०० या जुन्या सॉकेटच्या उंचीचे आहेत. माझ्या कार्यालयात आपल्याच कंपनीचा जुना कूलर १२०० सॉकेटवर चालू आहे. त्याचे स्टँडऑफ काढून शेजारी ठेवले, तर दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. १७००साठीचा संच खोक्यात नाहीच.

भाग बसलाच नसता तर ही साधी अदलाबदलीची बाब ठरली असती. पण हा कूलर बसतो, आणि खरा धोका तिथेच आहे. जुन्या सॉकेटच्या भोवतीची भोके एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर असत, १७००ची ७८ मिलिमीटरवर आहेत. आपल्या बॅकप्लेटला, म्हणजे मदरबोर्डच्या मागून लावायच्या पट्टीला, लांबट खाचा असल्यामुळे ती दोन्हीकडे बसते. उंचीचे तसे नाही. १७००मध्ये बसवलेल्या प्रोसेसरचा माथा मदरबोर्डापासून आधीपेक्षा किंचित खाली असतो. फरक एक मिलिमीटरचाही नाही, पण स्क्रू ठरावीक खोलीवर अडतात, त्यामुळे तेवढाही पुरतो. चारही स्क्रू शेवटपर्यंत जातात, कूलर हाताला घट्ट लागतो, हलवून पाहिला तर हलत नाही. आणि कूलरचा तळ मात्र प्रोसेसरवर दाबला जात नाही. स्क्रू आणखी आवळून उपयोग नाही. तसे करणाऱ्याच्या हातून मदरबोर्डच वाकायचा.

मी अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पाने जुळवण्याचे, काम करते. कामाची यंत्रे मीच जोडते आणि मीच दुरुस्त करते. हा कूलर लावला ते यंत्र शालेय पुस्तकांच्या हंगामासाठी, म्हणजे एप्रिल-मेसाठी घेतले होते. त्या दिवसांत पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या पुढे जातो आणि खोलीची हवाच तापलेली असते. मोठ्या फाइलचे पीडीएफ करायला लावले, की प्रोसेसर १०० अंशांना टेकायचा आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवायचा. प्रोसेसरमध्ये ही सोय असते म्हणूनच तो जळाला नाही. कूलर उतरवून पाहिला तेव्हा थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाचा) ठिपका मध्यभागी जवळपास लावला तसाच होता, फक्त एका कडेला थोडा पसरला होता. नीट दाब आला असता, तर पेस्टचा पातळ थर सगळीकडे दिसला असता. सध्या प्रोसेसरसोबत आलेला मूळ कूलर लावून काम भागवते आहे. छपाईला द्यायची पाने मात्र उशिरा गेली आणि प्रकाशकाची बोलणी मला ऐकावी लागली.

आपल्या ग्राहक सेवेला हे सगळे छायाचित्रांसह कळवले. 'कूलर कुशल व्यक्तीकडून बसवून घ्यावा' एवढेच उत्तर आले. स्टँडऑफविषयी त्यात एक शब्द नव्हता. कितीही कुशल माणूस आणला, तरी खोक्यात नसलेला भाग तो कुठून लावणार?

माहितीपत्रकाबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण पहिल्यांदा संगणक जोडणारी मुलेमुली त्याच्याच भरवशावर असतात. सगळे सुटे भाग एकाच पिशवीत कोंबले आहेत आणि कोणता कोणत्या सॉकेटचा, याची खूण एकावरही नाही. कूलरच्या तळावर चिकटवलेली संरक्षक फिल्म पूर्ण पारदर्शक आहे. तिला ना ओढायची पट्टी आहे, ना ती काढण्याची सूचना. फिल्म राहून गेली तर पेस्ट लावूनही उष्णता अडते. चारही स्क्रूंच्या चित्रावर सारखाच गोल बाण आहे. खरे तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आलटून-पालटून, एका वेळी एक-दोन वेढेच आवळायचे असतात. एक स्क्रू पुरता आवळून मग दुसऱ्याला हात घातला, तर तळ तिरका बसतो. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावायची, हेही कुठे नाही.

कूलर काढायचा कसा, हे तर पत्रकात मुळीच नाही. खोक्यावर एएम४ सॉकेटचेही नाव आहे. त्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाशी असतात. वाळलेल्या पेस्टने चिकटलेला कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासकट उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करायची, मग बंद करून वीज काढायची आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा. हे छापायला दोन ओळी पुरतात. त्या नाहीत म्हणून कुणाचा तरी महागडा प्रोसेसर वाया जातो, याचा मला खरोखर राग येतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. १७००चे योग्य स्टँडऑफ आणि नवी पेस्ट आपल्या खर्चाने माझ्या पत्त्यावर पाठवावी. ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. दुकानांत पडून असलेली याच लॉटची खोकी तपासून घ्यावीत. मला विकणाऱ्या दुकानदारांनी माझ्यासमोर दुसरे खोके उघडले, त्यातही हेच भाग होते, म्हणजे हा एका पिशवीपुरता घोळ नाही. आणि माहितीपत्रक दुरुस्त करून ते मराठीतही द्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यास उत्पादकावर जबाबदारी येते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्तीही या कायद्याने ग्राहकच आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. कूलर, सर्व सुटे भाग आणि खोके जपून ठेवले आहे. आपला प्रतिनिधी कामाच्या वेळेत येऊन ते कधीही तपासू शकतो.

कळावे,
आपली ग्राहक
पुणे

सोबत: बिलाची प्रत, खोक्यावरील शिक्क्याचे, दोन्ही स्टँडऑफचे आणि पेस्टच्या ठशाचे छायाचित्र, ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत.