चाक उलटं फिरवणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मातीकामाच्या स्टुडिओतला माझा दुसरा दिवस. बसले, पेडल दाबलं, आणि चाक घड्याळाच्या दिशेने फिरू लागलं. तुम्ही खिडकीशी ग्लेझ, म्हणजे भांड्यांना चकाकी देणारा लेप, गाळत होतात, वर पाहिलंही नाहीत. आदल्या दिवशी मी चहाचा कप डाव्या हाताने उचलला होता. तेवढ्यावरून तुम्ही चाकाच्या दिशेचा खटका फिरवून ठेवला होतात.

आधीच्या क्लासमध्ये तीन महिने माझा मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसला नव्हता. चाक घड्याळाच्या उलट, म्हणजे बाहेरून दाब उजव्या हाताचा. माझा उजवा हात जन्माचा पाहुणा. "काकू, सवय होईल," तिथले शिक्षक म्हणायचे. मग सगळ्यांदेखत मला पणत्या थापायला बसवलं. फी मात्र दोन्ही हातांनी घेतली! जपानमध्ये बहुतेक चाकं घड्याळाच्याच दिशेने फिरतात, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की मनगटावर चापट बसायची. त्या दिवशी गोळा तळहाताखाली थरथरायचा थांबला आणि माझे डोळे भरून आले. हात चिखलाचे, पुसणार कशाने?

नक्षीचंही तसंच. मला कपावर मोर काढायचा होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. कप चामड्याइतका घट्ट झाल्यावर पांढऱ्या स्लिपमध्ये, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीत, बुडवलात आणि म्हणालात, "ओली आहे तोवर एकदा बोट फिरवून बघा, मग मोराचं ठरवू." पांढऱ्यातून खालची तांबूस माती वर आली, कपाच्या पोटाबरोबर वळत गेली. मोर राहिलाच. बरं झालं, माझा मोर कोंबडीसारखा येतो.

अशी माणसं असतात, ताई. मदत करतात आणि आपण थँक्यू म्हणेपर्यंत दुसऱ्या कामाला लागलेली असतात. म्हणून हे पत्र.

भट्टी उघडली तेव्हा मी कप ओळखलाच नाही. वाळून १२०० अंशांपुढे भाजेपर्यंत माती दहाएक टक्के आक्रसते, हे तुम्ही सांगितलं होतं, तरी वाटलं, एवढासा? हा माझा नव्हे. मग आत डोकावले. फळीवरच्या बाकी सगळ्या कपांत बोटांचे वळ एकीकडे चढत होते, ह्यात दुसरीकडे.

तुमची,
डावखुरी काकू