युरोपला जाणारी द्राक्षं तपासता, मग पुण्यात विकली जाणारी का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. सफरचंदावर सुरी घासायची, पांढरा भुसा निघतो तो कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि खाली लिहायचं, ‘हे विष तुम्ही मुलांना देताय’. उपवासाचे दिवस, त्यामुळे घरोघरी फळं नेहमीपेक्षा जास्त येतात, आणि माणसं घाबरतात. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी सफरचंद आणणंच सोडून दिलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने भीतीपोटी फळ सोडावं याचं मला फार वाईट वाटलं. काळजी करण्यासारखं यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण काळजीची जागा चुकली आहे, आणि नेमकी जागा दाखवायला आपल्या वृत्तपत्रासारखं दुसरं ठिकाण नाही, म्हणून हे पत्र.

आधी मेणाचं. सफरचंदाच्या सालीवर झाडावरच मेणाचा नैसर्गिक थर असतो. द्राक्षावरची पांढुरकी लव हाही तसलाच थर, आणि तिला औषधाची पावडर समजून लोक घड परत ठेवतात हे मी मंडईत पाहिलं आहे. काढणीनंतर पॅकहाऊसमध्ये फळ धुतात तेव्हा हा थर थोडाफार निघून जातो. मग फळातलं पाणी उडून ते सुरकुतू नये म्हणून वरून पातळ लेप देतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांसाठी तीनच मेणांना परवानगी आहे: मधमाशीचं मेण, ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून मिळणारं कार्नौबा आणि लाखेपासून केलेलं शेलॅक. खनिज तेल किंवा रंग लावायला बंदी आहे. परवानगी असलेली ही मेणं जवळजवळ न पचता शरीराबाहेर जातात. त्यामुळे सुरीला भुसा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. तो भुसा झाडाच्या मेणाचा, की नियमात बसणाऱ्या लेपाचा, की कुणी फासलेल्या पॅराफिनचा (खनिज तेलातून काढलेल्या मेणाचा), हे सुरी सांगू शकत नाही. ते सांगायचं काम लेबलचं.

आणि इथेच पहिली मेख आहे. लेप दिलेल्या फळांच्या पेटीवर ‘मेणाचा लेप दिला आहे’ असं मेणाच्या नावासकट छापलं पाहिजे, असा नियम आहे. तो पेटीला लागू आहे. आपण फळ घेतो ते सुटं, अर्धा किलो, एक किलो. आमच्या भागातल्या फळवाल्याकडे मी सफरचंदाची रिकामी पेटी मागितली, तर त्याने तराजूखाली घडी करून घातलेला पुठ्ठा काढून दिला. आयात माल होता. पुठ्ठ्याच्या एका कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत दीड ओळ होती: ताजेपणा टिकवण्यासाठी खाण्यायोग्य वनस्पतिजन्य मेण, मधमाशीचं मेण ‘आणि/किंवा’ लाखेचा लेप. नेमकं कोणतं, हे तिथेही नव्हतं. फळवाल्याने ती ओळ कधी वाचलेली नव्हती, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याने पेटी मार्केट यार्डातून उचलली, फोडली, फळं पिरॅमिडसारखी रचली. माहिती पुठ्ठ्याबरोबर तराजूखाली गेली.

आमच्या इमारतीत जैन कुटुंबं आहेत, चातुर्मास काटेकोर पाळणारी. लाख किड्यापासून मिळते. कायदा शेलॅकला मांसाहारी धरत नाही, पण ज्यांना ते चालत नाही त्यांना निदान कळायला तरी हवं. दुकानातल्या ढिगावर पुठ्ठ्याची पाटी लावायला किती खर्च येतो? ‘१८० रुपये किलो’ ही पाटी लागतेच ना, तिच्यावरच आणखी एक ओळ मराठीत लिहायची.

आता खरी काळजी. ती मेणाची नाही, मेणाच्या आत आणि खाली जे असतं त्याची आहे. सफरचंद आणि संत्रावर्गीय फळं लांबच्या प्रवासात आणि महिनोन्‌महिने शीतगृहात सडू नयेत म्हणून थायाबेंडाझोल, इमॅझॅलिल अशी बुरशीनाशकं काढणीनंतर वापरतात, काही वेळा थेट लेपातच मिसळतात. बागेत फवारलेल्या औषधांचे अंश वेगळेच. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदावर दोन औषधं लावून वेगवेगळ्या पाण्याने ती धुऊन पाहिली. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा या प्रमाणातल्या द्रावणाने १२ मिनिटांत थायाबेंडाझोल ८० टक्के, तर १५ मिनिटांत फॉस्मेट हे कीटकनाशक ९६ टक्के निघून गेलं. साध्या पाण्यापेक्षा सोडा सरस ठरला. पण त्याच प्रयोगात थायाबेंडाझोलचा काही भाग सालीत शिरलेला आढळला, आणि तो कशानेही धुतला गेला नाही.

घरात करायचं ते एवढंच: सोड्याच्या पाण्यात फळं दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, मग नळाखाली हाताने चोळून धुवायची. भांड्याचा साबण अजिबात नको, तोच सालीत मुरतो. गरम पाण्याने मेण जातं म्हणतात, पण कार्नौबा ८० अंशांच्या पुढे वितळतं. तेवढ्या गरम पाण्यात सफरचंद उकडून निघेल. शंका असेल तर साल काढा. पण फळ खाणं सोडू नका, हे मी आजींनाही सांगितलं.

द्राक्षाची साल मात्र काढता येत नाही, आणि पुण्याला द्राक्षाबद्दल बोलायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आहेत. माझा मामेभाऊ जुन्नर तालुक्यात द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी येते, हवा कोरडी पडली की भुरी; दोन्ही बुरशीचे रोग. फवारणीशिवाय घड हाती लागत नाही, हे बाग जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. स्पर्शजन्य औषध वरचं वर राहतं, थोडंफार धुतलं जातं. आंतरप्रवाही औषध पानातून, सालीतून आत जातं, तिथे सोडा काही करू शकत नाही. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये ठरवून दिलेले दिवस जाऊ देणं. बागायतदार त्याला ‘पीएचआय’ म्हणतात.

भावाकडे निर्यातीच्या प्लॉटची एक वही असते. जाड पुठ्ठ्याची, पानांना औषधाचा वास येणारी. तारीख, औषध, प्रमाण, पीएचआय, कुणी फवारलं, सगळं रकान्यांत. प्लॉटची नोंदणी झालेली, काढणीआधी प्रयोगशाळेची माणसं येऊन नमुना घेतात, अहवाल नीट आला तरच माल पुढे जातो. मी विचारलं, बाकीच्या बागेची वही दाखव. तो म्हणाला, ‘‘ताई, लोकलच्या मालाला वही कोण विचारतंय? व्यापारी बागेत येतो, मणी बघतो, गोडी बघतो, भाव करतो.’’ मार्केट यार्डातल्या अडत्याची पट्टी त्याने दाखवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं होतं; फवारणीबद्दल एक अक्षर नव्हतं.

ही निर्यातीची शिस्त आपोआप आलेली नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, अंश तपासणीची व्यवस्था उभी केली. पुढे प्रत्येक प्लॉटचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरलं जाणारं बागायतदारांचं ‘सीसीसी’, युरोपात पकडलं गेलं. तेव्हा कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. आज या सगळ्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे कुठे? आपल्याच सोलापूर रस्त्यावर, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून पंधरा-एक किलोमीटर. माणसं इथली, यंत्रं इथली, शेतकरी इथला आणि ज्ञानही इथलंच. त्याचा फायदा रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला मिळतो, मंडईत पाव किलो द्राक्षं घेणाऱ्या बाईला नाही. याची मला मनापासून चीड येते.

फळात औषधाचा किती अंश चालेल याची युरोपची मर्यादा पुष्कळ औषधांसाठी आपल्यापेक्षा कडक आहे, त्यामुळे तिकडे नापास झालेला माल इथे बेकायदाच ठरतो असं नाही. प्रश्न इतकाच की इथल्या मर्यादेत तो बसतो का, हे कुणी पाहिलं?

देशपातळीवर केंद्र सरकारची एक योजना बाजारांतून नमुने घेते. तिच्या २०१४-१५ च्या अहवालात २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, मर्यादेबाहेरचे २.६ टक्क्यांत. हा आकडा घबराट उडवणारा नाही, उलट त्या व्हिडिओवाल्यांनी तो वाचावा. पण त्याच अहवालात त्या-त्या पिकासाठी मान्यता नसलेली औषधं १२.५ टक्के नमुन्यांत निघाली, ते मला जास्त टोचतं. ज्या पिकासाठी औषधाची शिफारसच नाही, त्याचा पीएचआय शेतकऱ्याने कुठून शोधायचा? बहुतेकदा तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जे मिळेल, जे सुचवलं जाईल तेच घेऊन येतो.

म्हणून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम १८ ने शेतकऱ्याला आणि शेतीच्या कामांना या कायद्यातून वगळलंच आहे. कलम २१ मात्र स्पष्ट सांगतं की अन्नात मर्यादेबाहेर कीटकनाशकाचा अंश असता कामा नये. म्हणजे जबाबदारी बाजारात सुरू होते. याच कायद्याच्या कलम ४० नुसार तुम्ही-मी शुल्क भरून विकत घेतलेल्या वस्तूची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि वस्तू नियमाबाहेर निघाली तर शुल्क परत मिळतं. हे किती पुणेकरांना माहीत आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने फळांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये लेपाची मराठी पाटी सक्तीची करावी; पेटीवरचा नियम गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याचा तोच मार्ग आहे. मार्केट यार्डात द्राक्ष, सफरचंद, संत्री आणि डाळिंबाच्या आवकेतून हंगामभर नियमित नमुने घ्यावेत आणि निकाल गाळ्यासकट जाहीर करावेत. पणन मंडळाचं कार्यालय गुलटेकडीतच आहे, त्यांनी पुढाकार घेतला तर बाजार समितीला नाही म्हणणं अवघड जाईल. आंब्याच्या हंगामात कार्बाइडवर छापे पडतात, ते पडलेच पाहिजेत. पण एप्रिल-मेचा उत्साह वर्षभर का टिकत नाही? आणि वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या वहीचे चार पैसे जास्त मिळाले पाहिजेत. तो निर्यातीसाठी वही ठेवतोच आहे, इथे तिची किंमत कुणी केली तर लोकलच्या प्लॉटलाही ठेवील. भावाने तसं बोलून दाखवलं आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आत हे ठरलं, तर जानेवारीत येणाऱ्या मालापासून सुरुवात होऊ शकते.

आपल्यालाही एक विनंती. दर सोमवारी आपण मार्केट यार्डातली आवक आणि भाव छापता, आमच्याकडे ते सदर रोजच्या बातम्यांआधी वाचलं जातं. अन्न व औषध प्रशासनाकडे आणि बाजार समितीकडे आपल्या बातमीदाराने दर महिन्याला विचारावं की किती नमुने घेतले आणि किती नापास झाले. मिळालेलं उत्तर त्याच सदरात, भावांच्या खाली छापावं. उत्तर मिळालं नाही, तर तेही छापावं.

आपली,
एक वाचक, धनकवडी, पुणे